शेततळ्यात रोहू आपोआप पिल्लं घालत नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

विट्याच्या आमच्या शेतकरी ग्रुपवर तोच मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं की शेततळ्यात एकदा रोहू-कटला सोडा, ते आपोआप पिल्लं घालतात, परत बीज म्हणजे सोडायची बारकी पिल्लं विकत घ्यायचं कामच नाही, झिंग्याचंही तसंच, आणि हॅचरीचं, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातलं, बीज इंजेक्शनचं असतं त्यामुळं खायला घातक. आमच्या शेजाऱ्यानं यावर विसंबून यंदा बीजच घेतलं नाही, मोठे मासे तसेच ठेवून पिल्लांची वाट बघत बसलाय, म्हणून लिहितोय.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं, धार वाढली की ते वर चढतात, चढणीचे मासे आपण बघतोच, आणि काठावर पसरलेल्या पुराच्या पाण्यात अंडी टाकतात. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद आणि साचलेलं पाणी, धार कुठनं येणार? मग मेंदूखालच्या ग्रंथीतून शेवटचं हार्मोन सुटत नाही आणि अंडी पिकूनही पोटातच राहतात. मागच्या जुलैत आम्ही जाळं टाकलं तर रोहूची एक मादी घावली, पोट टम्म, कापली तर दोन्ही बाजूला गाबोळी गच्च भरलेली. वडील म्हणाले आता बाकीच्यांची पिल्लंच पिल्लं होणार बघ. दिवाळीनंतर तळं उपसलं तर बोटाएवढं एक पिल्लू नाही. न टाकलेली अंडी माशाच्या अंगातच जिरतात, हे तेव्हा कळलं, वर्ष मात्र गेलं.

सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प मासा साचलेल्या पाण्यात अंडी घालतो हे खरं, पण ती पाणवनस्पतीला चिकटतात आणि त्यातली बरीच बाकीचे मासेच खातात. चिलापीची (तिलापिया) तर उलटीच तऱ्हा, मादी अंडी तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांची झाली की पिल्लं सुरू, सगळं तळं बारक्या चिलापीनं भरतं आणि एकही वजनाला येत नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते पिल्लांना नाही, आई-बापाला देतात. 1957 साली 10 जुलैला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला माशाच्याच ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालून घेतली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. त्याआधी बीज नदीतनं गोळा करावं लागायचं, नको ते मासेही त्यात यायचे. आता संध्याकाळी सुई देतात, काही तासांत मादी अंडी टाकते, मग गोल हौदात पाणी फिरवत ठेवतात आणि 14 ते 18 तासांत अंडी फुटतात. आपण आणतो ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्या अंड्यातली, तिला सुई लागलेलीच नसते. खाद्यातून हार्मोन देतात ते चिलापीच्या पिल्लांना, सगळे नर व्हावेत म्हणून, तेही पहिले तीन-चार आठवडे. रोहूचा त्याच्याशी काही संबंध नाही.

झिंग्याचं तर अजिबातच नाही. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, मादी पोटाखाली अंडीही धरते, पण अंड्यातनं निघालेल्या अळ्यांना खारं पाणी लागतं, नाहीतर थोड्याच दिवसांत मरतात. नदीतल्या माद्या त्यासाठी खाडीपर्यंत उतरतात, आपल्या तळ्यातनं ती कुठं जाणार?

शेजाऱ्याला काल जाऊन सगळं सांगितलं, उद्या आम्ही दोघं बोटुकली आणायला जातोय. बीज अजून मिळतंय, ज्यांचं तळं वाट बघत पडलंय त्यांनी या आठवड्यातच सोडून घ्या.