जलपर्णी हिरवीगार आहे म्हणून तळ्यात शिसं नाही, असं नसतं

परवा मावशीचा फोन आला. "अगं, आता तळ्याकाठची नाळीची भाजी आणते. उकळून तिचं पाणी छोटीला सूप म्हणून देते." छोटी म्हणजे तिची अडीच वर्षांची नात. हे कुणी सांगितलं विचारल्यावर तिने एक मेसेज पुढे ढकलला. पंधरा दिवसांत तो मला चार ग्रुपांवर आला आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: तळ्यात जलपर्णी, पाणकणीस, नाळी हिरवीगार असेल तर पाण्यात शिसं-पारा नाही असं समजा. या वनस्पती विषारी धातू पचवून टाकतात. नासाने हे सिद्ध केलं आहे. भाजी उकळली की उरलंसुरलं विषही जातं आणि ते पाणी मुलांना पौष्टिक असतं.

आधी सूपबद्दल बोलते, कारण बाकीच्या चुकांनी गैरसमज होईल, या चुकीने मूल आजारी पडेल. उकळल्यावर जंतू मरतात. शिसं आणि कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती चुलीवर मरत नाहीत की उडून जात नाहीत. वाफ होते ती पाण्याची. धातू पातेल्यात राहतो आणि पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. पाल्यातला काही अंश उकळताना पाण्यात उतरतो, एवढं खरं. म्हणजे फेकायचं काही असेल तर ते पाणीच, आणि हा मेसेज नेमकं तेच पाजायला सांगतो! पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं तिथून हलत नाही. मावशीच्या तळ्याला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

आता नासा. हे मात्र निखालस खोटं नाही, म्हणूनच ते जास्त पसरतं. 1975 साली मिसिसिपीतल्या नासाच्या केंद्रात वुल्व्हर्टन आणि मॅक्डोनाल्ड या संशोधकांनी जलपर्णीवर खरोखरच काम केलं. शिसं आणि पारा मिसळलेल्या पाण्यात झाडं ठेवली आणि ती हे धातू ओढून घेतात हे मोजून दाखवलं. पण याचा अर्थ काय होतो? धातू पाण्यातून झाडात गेला. नाहीसा झाला नाही, पचला नाही, त्याने जागा बदलली. पाणी साफ करायचं तर ती झाडं वेळेवर काढून, कुणाच्या तोंडी लागणार नाहीत अशा जागी न्यावी लागतात. तळ्यातच कुजली तर धातू परत गाळात. ज्या प्रयोगाचा दाखला देऊन 'भाजी खा' म्हणतात, तो प्रयोग सांगतो की धातू भाजीतच जाऊन बसतो. शिशाच्या पाण्यात उभं राहूनही झाड जगतं, हेही तोच सांगतो. म्हणजे मेसेजचं पहिलं वाक्यसुद्धा तिथेच पडलं.

तरी हिरवेपणाबद्दल दोन शब्द. जलपर्णी फोफावते ती सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर. मुंबईकरांसाठी 1891 मध्ये बांधलेला पवई तलाव बघा. त्याचं पाणी पिण्यासाठी वापरणं कधीच बंद झालं, आणि जलपर्णी काढता काढता महापालिकेची दमछाक होते. हिरवळ हेच शुद्धतेचं प्रमाणपत्र असतं तर पवईचं पाणी आज नळाला आलं असतं. आणि भातसुद्धा पाण्यात उभं राहणारंच पीक. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं, तांदळातून लोकांच्या पोटात गेलं. हाडं इतकी ठिसूळ झाली की रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. 1968 मध्ये तिथल्या सरकारने हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. पाणवनस्पती तळ्याच्या प्रकृतीच्या चांगल्या साक्षीदार आहेत. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचं सांगतं. कारखान्याने रात्री सोडलेलं पाणी सकाळी पुढे गेलेलं असतं. पाणकणसाचं मूळ महिनोन्महिने त्याच गाळात असतं, आणि जे आलं ते साठवत राहतं. पण ही साक्ष काठावर उभं राहून रंग बघून मिळत नाही. झाड मुळासकट उपटावं लागतं. मूळ, देठ, पान वेगळं करून, धुऊन, वाळवून, आम्लात विरघळवून प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजावं लागतं. सोबत त्याच जागचा गाळही लागतो. बहुतेक पाणवनस्पतींमध्ये धातू सर्वांत जास्त मुळात सापडतो, पानात कमी. म्हणून पान टवटवीत दिसतं. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे 0.003 मिलिग्रॅम आहे. एवढंसं कुणाच्या डोळ्याला दिसणार?

उपटलेल्या जलपर्णीचं खत परसातल्या भाजीला घालायचा सल्लाही त्या मेसेजमध्ये आहे. धातू मोजल्याशिवाय नको.

मावशी, फ्रिजमध्ये उरलेली जुडी टाकून दे, गुरांनाही घालू नकोस. छोटीला मुगाचं कढण दे. आणि डॉक्टरांना विचारून तिच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घे, मी येते सोबत.