क्रॉसिंगला थांबलीय, दुसरं काय!

कोकण रेल्वेच्या आमच्या स्टेशनात परत तेच! आम्ही सगळे एक नंबरच्या शेडखाली आणि पॅसेंजर घेतली दोन नंबरला, लूपवर, म्हणजे मेन लाईनच्या बाजूच्या रुळावर. अनाउन्समेंट कधी? तर इंजिनाचा दिवा दिसल्यावर. पादचारी पूल पार त्या टोकाला, म्हणून बॅगा उचलून जो तो रुळातून पळतोय. दोन नंबरचा फलाट इतका बुटका की मावशी पायरीवर आधी आंब्याची पेटी ठेवतात, मग गुडघा टेकतात, मग वरून कुणीतरी हात देतो. पावसाळ्यात हेच सगळं छत्री सांभाळत.

एवढं करून बसलो, तर गाडी हलेना. समोरून एक्सप्रेस येणार, ती मेन लाईनने सुसाट जाणार, मग आमचा सिग्नल. पॅसेंजरवाल्यांना वेळेची किंमत नसतेच ना!

कोकण रेल्वे म्हणजे रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, ७४१ किलोमीटर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणला, खाड्यांवर पूल टाकले आणि २६ जानेवारी १९९८ ला अख्खी लाईन सुरू केली. ही लाईन बांधून घेणारे ई. श्रीधरन आणि त्यांच्या माणसांना दंडवतच. २०२१ मध्ये रोहा-वीर दुपदरी झालं, तेही छान. पण वीरच्या खाली माणसं राहत नाहीत काय? आम्ही अजून एकेरी रुळावरच.

बरं, एकेरी तर एकेरी. निदान गाडी कुठल्या फलाटावर येणार ते दहा मिनिटं आधी सांगायला कुठला डोंगर फोडायचाय?