‘गुन्हेगारांचे वकील’? आधी निकाल तरी वाचा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक लांबलचक मेसेज टाकला आणि तो खास माझ्या भाचीला टॅग केला. ती लेस्टरला कायदा शिकतेय. मानवाधिकार आणि नोकरीविषयक कायद्यात तिला बॅरिस्टर व्हायचंय. मेसेजचं म्हणणं असं: इंग्लंडमधले हे वकील गुन्हेगारांची आणि घुसखोरांची बाजू घेतात, प्रामाणिक नोकरदाराशी त्यांचा काही संबंध नाही. सरकारी पैशावर ते गब्बर होतात. ब्रेक्झिटनंतर मानवाधिकार कायदाच संपला, म्हणजे हे करिअरही संपलं. आणि मुळात हे गोऱ्यांचं खूळ, आपल्या मुलांचं तिथे काय काम? खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. मुलीची आई हे वाचून घाबरली आणि ‘विषय बदल’ म्हणून तिच्या मागे लागली. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य नोकरदाराबद्दलचं आहे, म्हणून आधी तेच घेते. २०१३ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणात, दाद मागायला फी लावली. थकलेल्या पगाराच्या साध्या दाव्याला सुनावणीपर्यंत ३९० पौंड, अन्यायाने नोकरी गेली किंवा भेदभाव झाला तर १,२०० पौंड. नोकरी नुकतीच गेलेल्या माणसाने ही रक्कम आणायची कुठून? दावे जवळजवळ दोन तृतीयांशाने घटले. ‘युनिसन’ ही कामगार संघटना याविरुद्ध लढली, खालच्या कोर्टांत हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या बाजूने डायना रोझ आणि कॅरन मोनॅगन या बॅरिस्टर उभ्या होत्या. २६ जुलै २०१७ ला सात न्यायमूर्तींनी एकमताने फी बेकायदा ठरवली. लॉर्ड रीड यांनी लिहिलेला निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो आणि काकांनी तो वाचावाच. त्यात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा महिन्याचा खर्च मांडून दाखवलाय की ही फी भरायची तर कपड्यालत्त्यासारख्या साध्या गरजांना कात्री लावावी लागेल. जिंकण्याची आणि पैसे हातात पडण्याची जवळजवळ खात्री असल्याशिवाय पाचशे पौंडांच्या दाव्यासाठी ३९० पौंड कोणी शहाणा माणूस भरणार नाही, हेही त्यात आहे. न्यायालयापर्यंत पोचता येत नसेल तर संसदेने दिलेला हक्क कागदावरच राहतो, हा त्याचा गाभा. सरकारला घेतलेली फी परत करावी लागली. या निकालाचा फायदा झाला तो वेटरना, सफाई कामगारांना, दुकानातल्या मुलींना. यातले गुन्हेगार कोण?

आणि ‘हरलात तर मालकाच्या वकिलाचा खर्च भरत घर विकाल’ अशीही एक ओळ त्या मेसेजमध्ये आहे. ट्रिब्युनलमध्ये सर्वसाधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा असतो. दुसऱ्याचा खर्च अंगावर येतो तो मुख्यतः कोणी अवाजवी वागलं तर. ही ओळ वाचून कोणी दाद मागायचंच सोडलं तर? दाव्याची मुदत फार थोडी असते, नुसतं घाबरण्यातच ती निघून जाते.

‘घुसखोर’ या शब्दाबद्दलही सांगते. बिहारमधून इंग्लंडला नेलेल्या एका आदिवासी बाईचा खटला आहे. नेणारं कुटुंब भारतीय वंशाचंच. साडेचार वर्षं, आठवड्याचे सातही दिवस, रोज अठरा तास काम आणि हिशेबाला तासाला ११ पेन्स. २०१५ मध्ये ट्रिब्युनलने तिला थकलेल्या वेतनापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून जास्त रक्कम द्यायला लावली. त्याआधी, २०१४ मध्ये, याच प्रकरणात अपिलाच्या पातळीवर ठरलं की जातीवरून केलेला छळ तिथल्या समानता कायद्यातल्या ‘वांशिक मूळ’ या आधाराखाली येऊ शकतो. जातीचा प्रश्न इंग्लंडच्या कोर्टात अशा बॅरिस्टरांनी नेला. महाराष्ट्रातल्या माणसाने तरी याला ‘आपला संबंध नाही’ म्हणू नये.

शिवाय बॅरिस्टरला अशील आवडीनिवडीने नाकारता येत नाही. विषय आपला आहे, वेळ आहे, रास्त फी मिळतेय, तर माणूस नावडता आहे म्हणून काम परत पाठवायचं नाही, असा तिथला नियमच आहे. अशिलावरून वकिलाची लायकी ठरवणाऱ्यांना हा नियम माहीत नसावा.

सरकारी पैसा? एप्रिल २०१३ पासून भेदभावाची प्रकरणं सोडली तर नोकरीच्या बहुतेक दाव्यांना लीगल एड, म्हणजे वकिलाच्या खर्चासाठी सरकारी मदत, मिळतच नाही. त्यामुळे संघटना पैसे देते, अशील स्वतः देतो किंवा वकील फुकट लढतो.

ब्रेक्झिटचा मुद्दा तर नुसताच गोंधळ. मानवाधिकारांचा युरोपीय करार युरोपियन युनियनचा नाहीच. ब्रिटनने तो १९५१ मध्येच मान्य केला, युनियनच्या पूर्वसंस्थेत जाण्याच्या कितीतरी आधी. देशांतर्गत कायदा १९९८ चा आहे आणि तो आजही लागू आहे. एप्रिल २०२४ मध्ये याच कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपात भाग घेतला म्हणून नोकरीवरून न काढता दुसरी शिक्षा केली, तर त्याविरुद्ध कर्मचाऱ्याला तेव्हाच्या कायद्यात संरक्षण नाही आणि ही त्रुटी कराराशी विसंगत आहे. ते प्रकरण सेवासंस्थेतल्या एका मदतनीस बाईने नेलं होतं.

‘गोऱ्यांचं खूळ’ हे मात्र वाचवत नाही. बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून (बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांना ‘इन’ म्हणतात) १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईत र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून बारची, म्हणजे बॅरिस्टरांच्या पेशाची, दारं बंद होती. लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केलं ते १९२३ मध्ये. आपली मुलगी तिथे पहिली नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते: हा रस्ता महाग आणि अरुंद आहे. बारचा कोर्स हजारो पौंडांचा, आणि त्यानंतर चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात) बारा महिन्यांची प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, मिळाल्याशिवाय पूर्ण वकिली करता येत नाही. कोर्सनंतर पाच वर्षांत ती मिळवावी लागते आणि बऱ्याच जणांना मिळत नाही. व्यापारी खटल्यांतले मोठे बॅरिस्टर जेवढं कमावतात, तेवढं कामगारांच्या बाजूने उभं राहणाऱ्याला सहसा मिळत नाही. पण प्युपिलेजच्या काळात किमान मानधन देणं चेंबर्सवर बंधनकारक आहे आणि चारही इन शिष्यवृत्त्या देतात. बहिणीला खर्चाची काळजी असेल तर तिने मुलीबरोबर बसून त्या अर्जांच्या तारखा पाहाव्यात.