‘९८ टक्के जुळतो, मग लस लागणारच!’ हे खरं नाही

पीआरआरएस विषाणू डुकरांत गर्भपात आणि श्वसनविकार घडवतो. त्याच्याबद्दल एक विधान वराहपालकांत सतत फिरतं: ‘विषाणूचं ओआरएफ५ जनुक लसीतल्या विषाणूशी ९८ टक्के जुळलं तर लस लागणारच, ९० च्या खाली गेलं तर लस वाया.’ या एका आकड्यावर लस निवडली जाते आणि त्याची किंमत गाभण माद्या मोजतात, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी हा आकडा कशाचा ते पाहू. विषाणूचा जनुकसंच सुमारे १५,००० अक्षरांचा, ओआरएफ५ जेमतेम ६०० अक्षरांचं. म्हणजे चार टक्के मजकूर वाचून निकाल द्यायचा. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या एका वळू-डुकरांच्या वीर्यकेंद्रातून रेतनाच्या वीर्याबरोबर जो स्ट्रेन (विषाणूचा प्रकार) कळपांत पसरला, तो दोन जिवंत लसींच्या (दुर्बल केलेला जिवंत विषाणू असलेल्या) विषाणूंच्या संकरातून झाला होता. सुरुवातीचा मोठा भाग एका लसीचा, ओआरएफ५ असलेला भाग दुसऱ्या लसीचा. नुसतं ओआरएफ५ वाचलं असतं तर ‘हा तर लसीचाच विषाणू’ असं वाटलं असतं, आणि इकडे पिल्लं मरत होती.

‘पण ओआरएफ५ बाहेरच्या आवरणाचं प्रथिन घडवतं, म्हणून तेच महत्त्वाचं.’ प्रथिन महत्त्वाचं आहेच, टक्केवारी नाही. ९८ टक्के म्हणजे बारा अक्षरं वेगळी. कुठली बारा? जनुकातली तीन-तीन अक्षरं मिळून प्रथिनातलं एक अमिनो आम्ल ठरवतात. एएसीचं एएटी झालं तर अमिनो आम्ल तेच राहतं, काही बिघडत नाही. त्याच एएसीचं जीएसी झालं तर अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल जातं आणि त्यावर शर्करेची साखळी बसत असेल तर तीही जाते. या साखळ्या प्रथिनाचा नाजूक भाग प्रतिपिंडांपासून झाकतात. टक्केवारीत मात्र दोन्ही बदलांची किंमत सारखीच, एक अक्षर! शिवाय विषाणूला पेशीत शिरायला लागणाऱ्या, पेशीवरच्या सीडी१६३ या प्रथिनाला पकडायचं काम आवरणावरची दुसरी प्रथिनं करतात, त्यांची जनुकं या चाचणीत येतच नाहीत.

‘९० च्या खाली लस वाया’ हेही चूक. दूरच्या स्ट्रेनपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण जिवंत लसीने ताप आणि रक्तातला विषाणू कमी होऊ शकतो.

ओआरएफ५ नातं सांगतं: कळपात जुनाच विषाणू फिरतोय की बाहेरून नवा आलाय. त्यासाठी ते जरूर वाचावं. लस लागली का, हे पाहायचं तर दूध तोडताना पिल्लांच्या रक्ताची पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) करावी आणि गर्भपातांची आठवड्यागणिक नोंद ठेवावी.