पाव बंद होणार म्हणे! त्या फॉरवर्डचा जरा हिशेब करू

तो मेसेज आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परत आलाय, माझ्या मोजणीनं चौथ्यांदा. "लाकडाच्या भट्ट्या बंद म्हणजे गरिबाचा पाव बंद! बिल्डर मोकाट आणि बेकरीवाल्याला नोटीस. बेकरीचा धूर तो केवढासा? गॅसवर पावाला चव येत नाही. वडापाव चाळीस रुपये होणार. दहा लाखांचा ओव्हन कुठून आणायचा? नोटिसा फाडा, चिमणी वाढवा, कोणी काही करत नाही." खाली हात जोडलेले आणि तीन झेंडे.

मी लहान धंदेवाल्यांची कागदपत्रं करतो, उद्यम (म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), फूड लायसन्स, बँकेची फाईल असलं, त्यात चार-पाच बेकऱ्या पण आहेत, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी नेमकं झालं काय ते. 9 जानेवारी 2025 ला मुंबई हायकोर्टानं, हवेच्या प्रदूषणावर स्वतःहून घेतलेल्या याचिकेत, सांगितलं की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलं सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्या. पालिका वर्षभराची मुदत देणार होती, कोर्टाला ती जास्त वाटली. फेब्रुवारीत नोटिसा निघाल्या, जुलैची मुदत पडली. पाव भाजू नका असं त्यात कुठंच नाही, कशावर भाजायचा एवढंच आहे.

बिल्डर मोकाट? त्याच सुनावणीत बांधकामाच्या साईटवर प्रदूषण मोजायची यंत्रं लावायला सांगितलंय, आणि पालिकेची साईटसाठीची नियमावली तर ऑक्टोबर 2023 पासून आहे. ती पाळली जाते का म्हणाल तर आमच्या समोरच्या साईटची हिरवी जाळी गेल्या पावसात फाटली ती तशीच लोंबतेय. यावर भांडायचं तर चला, मी पुढं उभा राहतो. मुंबईच्या हवेत रस्त्याची आणि बांधकामाची धूळ बेकरीपेक्षा कितीतरी जास्त आहे हेही खरंच. पण त्या धुळीनं बेकरीचा धूर काही गोड होत नाही.

आणि "केवढासा धूर" हा मुद्दा तर भट्टीसमोर कधी उभा न राहिलेल्या माणसाचा वाटतो. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपनं मुंबईतल्या बेकऱ्यांची पाहणी केली, जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर आणि सरासरी रोजचं लाकूड 130 किलो. आता हे लाकूड म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी भंगार. जुनी दारं, मोडलेली कपाटं, प्लायवूडचे तुकडे, वर सनमायका चिकटलेला, कडेला ऑइलपेंट. अख्खं लाकूड महाग पडतं आणि भंगार चार-पाच रुपये किलोनं मिळतं म्हणून. प्लायच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे सगळं चिमणीतून वर जातं, आणि वर जायच्या आधी पोटमाळ्यावर झोपलेल्या कारागिरांच्या छातीत जातं. मी एकदा पहाटे साडेतीनला एका बेकरीत हिशेबाची वही घ्यायला गेलो होतो, लाद्या निघायची वेळ होती म्हणून अर्धा तास थांबलो, घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा. ती पोरं तिथं बारा-बारा तास असतात.

म्हणूनच "चिमणी वाढवा" हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो. चिमणी वाढवली की धूर कमी होत नाही, पहिल्या मजल्याऐवजी चौथ्या मजल्याच्या खिडकीत जातो, आणि मग तक्रार चौथ्या मजल्यावरून येते.

चवीचं बोलू, कारण तिथं लोक हळवे होतात, मीही होतो. पण पावाची चव पीठ नीट फुगण्यात आहे आणि विटांच्या भट्टीत साठलेल्या उष्णतेत आहे. लाकूड पेटवतात ते भट्टी तापवायला, मग निखारे बाजूला ओढतात आणि तापलेल्या विटांवर लादी भाजते. पावाला धूर लागायला लागला तर तुम्हीच परत आणून द्याल. विटांची तीच भट्टी ठेवून तिला गॅसचा बर्नर बसवता येतो, सगळ्याच भट्ट्यांना जमत नाही, पण बघायला काय जातं. कडक ब्रून पावाची साल थोडी वेगळी येते असं एका कारागिरानं मला सांगितलं, त्याचं मी मानतो. त्याला तापमान जुळवायला काही दिवस लागतील, तेवढे दिवस द्या.

आता चाळीस रुपयांचा वडापाव. रोज आठ गोणी मैदा लावणारी बेकरी धरा, म्हणजे 400 किलो, त्यात साधारण 14,000 पाव निघतात. लाकूड 100 किलो, खर्च पाचशे रुपये. गॅसवर अगदी वाईटात वाईट रोजचे दोन कमर्शियल सिलेंडर धरले, 2025 च्या सुरुवातीच्या सतराशे-साडेसतराशेच्या भावानं साडेतीन हजार. फरक तीन हजारांचा, पावाला एकवीस पैसे. सहा पावांच्या लादीला सव्वा रुपया. वडापाव चाळीसला गेलाच तर तो बटाटा, तेल आणि गाडीच्या हप्त्यानं जाईल, गॅसनं नाही. बेकरीवाल्याला मात्र तीन हजार रोजचे जास्त म्हणजे महिन्याचे नव्वद हजार होतात, आणि भाव पहिला वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या बेकरीत जाईल ही त्याची भीती खरी आहे. सगळ्यांनी एकत्र बदललं तर ती भीती उरत नाही, म्हणून तर नियम सगळ्यांना लागतो.

दहा लाखांचं काय? केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे, पीएमएफएमई, 2020 पासूनची, आत्ता चालू आहे का ते आधी विचारून घ्या, चालू युनिट सुधारायला 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. आपल्याकडे ती कृषी विभाग बघतो, त्यामुळे बेकरीवाला तिकडं फिरकतच नाही, पावाचा आणि शेतीचा काय संबंध म्हणून. दहा लाखांचं मशिन असेल तर एक लाख स्वतःचे, साडेतीन लाख अनुदान, राहिले साडेपाच. पाच वर्षांचा हप्ता बारा हजारांच्या आसपास. एक लक्षात ठेवा, अनुदान हातात येत नाही, ते बँकेत वेगळं पडून राहतं, तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं कर्ज नीट चाललं की कर्जात वळतं होतं. फाईल करून द्यायला जिल्ह्यात माणसं नेमलेली असतात, त्यांचे पैसे सरकार देतं. तुमच्याकडून कोणी "प्रोजेक्ट रिपोर्टचे" वीस हजार मागत असेल तर आधी विचारा कशाचे.

डिझेलचा ओव्हन गळ्यात मारणारे सेल्समन पण फिरतायत. तो स्वस्त पडतो, पण डिझेल स्वच्छ इंधनात धरत नाहीत, घेऊन फसाल.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र म्हणायला हवी होती आणि नेमकी तीच नाही. सहा महिने कमी होते. गल्लीत गॅसची पाइपलाइन नाही, विजेचा ओव्हन घ्यावा तर लोड वाढवून मिळायला वेळ लागतो, आणि सिलेंडर ठेवावेत तर 100 किलोच्या वर साठ्याला वेगळं लायसन्स लागतं, म्हणजे 19 किलोचे पाचच ठेवता येतात, 95 किलो, रिकामे वेळेत उचलले नाहीत तर काम थांबलं. नोटीस देताना यातलं कोणी समजावलं नाही, नुसता कागद चिकटवला. माझा राग आहे तो यावर.

माझ्या एका बेकरीवाल्या चाचांनी नोटीस फाडली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणली. ओव्हनचं कोटेशन झालंय, उद्यम झालंय, बँकेचा मॅनेजरही बरा आहे. पण जागा पागडीची, भाडेपावती अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि बँकेला मालकाचं ना-हरकत पत्र हवंय. मालक पुण्याला असतात, फोन उचलत नाहीत. रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं जाऊन येतोय, चाचा म्हणाले बरोबर दोन डझन ब्रून घेतो.