‘स्टेंट इंपोर्टेडच मागा’: त्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज फिरला. म्हणणं थोडक्यात असं: हार्ट अटॅकमध्ये स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) टाकून जीव वाचत नाही, हे परदेशात सिद्ध झालंय. टाकायचाच तर साधा, नुसत्या धातूचा टाका, औषधाचा लेप दिलेल्या औषधवाल्यात पुढे गुठळी होते. आणि औषधवालाच हवा असेल तर देशी नको, तो स्वस्त म्हणजे हलका.

पहिल्या मुद्द्यात एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात घातलंय. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० चा ‘इस्कीमिया’ हे अभ्यास स्थिर हृदयविकारावरचे. जिना चढताना छाती भरून येते, बसलं की थांबते, असे पेशंट. त्यांच्यात औषधांच्या जोडीला स्टेंट घालून मृत्यू कमी झाले नाहीत, हे कबूल. पण ऐन अटॅकमध्ये वाहिनी गुठळीने बंद झालेली असते, हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तिथे वेळेत केलेली अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट बसवणं, जीव वाचवते.

गुठळीची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटवरून चांगलंच रण पेटलं होतं. पण त्या पिढीतल्या ‘सायफर’ची तार १४० मायक्रॉन जाड होती, आता ती ६० ते ८० वर आलीय, लेपही बदललेत. ‘एक्झामिनेशन’ अभ्यासात अटॅकच्याच सुमारे १५०० पेशंटांपैकी निम्म्यांना एव्हरोलिमस या औषधाचा लेप असलेला स्टेंट घातला, निम्म्यांना साधा. वर्षभरात स्टेंटमध्ये नक्की गुठळी झालेले औषधीत ०.५ टक्के, साध्यात १.९. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट! पाच वर्षांनी मृत्यूही औषधीकडेच कमी, ९ विरुद्ध १२ टक्के.

देशी म्हणजे हलका? सुरतेच्या कंपनीचा ‘सुप्राफ्लेक्स’ युरोपातल्या १४३५ पेशंटांवर थेट ‘झायन्स’ या नावाजलेल्या परदेशी औषधी स्टेंटसमोर उभा केला गेला. वर्षभरात स्टेंटशी निगडित गंभीर त्रास ४.९ टक्के, झायन्समध्ये ५.३. (हे पेशंट सगळेच अटॅकचे नव्हते, हेही सांगायला हवं.) आणि स्वस्ताईचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटवर २९,६०० रुपयांची कमाल किंमत बांधली, ती देशी-परदेशी दोघांनाही एकच.

आमच्या मामांना अटॅक आला तेव्हा कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या) दाराशी आम्हीही ‘कुठल्या कंपनीचा?’ म्हणून विचारत बसलो होतो. स्टेंटच्या वेष्टनावरचं स्टिकर फाइलमध्ये जपून लावलंय. गोळ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. दोन महिन्यांनी दाढ काढायची म्हणून मामांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या; डॉक्टरांना विचारलंही नाही. नव्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायला याहून सोपी वाट नाही. मामींना चौथ्या दिवशी कळलं, डॉक्टरांना फोन करून गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. तेव्हापासून डबी मामांच्या ताटाशेजारी असते, आणि गोळी घेतल्याशिवाय पहिली पोळी वाढली जात नाही.