ही सरू कोण?

मी वेबसाइट बनवतो. सकाळी साडेसातला व्हॉइस नोट. लातूरचे एक क्लासवाले आहेत, नाव सांगत नाही, ॲडव्हान्स अजून यायचाय. "सर, लिंक टाकलीय बघा. सेम टू सेम पाहिजे. फक्त मराठीत."

लिंक उघडली. परदेशातल्या कुठल्या तरी आर्किटेक्टची साइट. पांढऱ्यावर फिकट करडी, सुईसारखी बारीक अक्षरं. एका स्क्रीनवर तीन शब्द. खाली सरकवलं की सगळं तरंगत तरंगत वर येतं. देखणी आहे, खोटं कशाला बोलू.

मग त्यांचंच वाक्य त्या साच्यात घालून बघितलं. 'प्रवेश सुरू'. इंग्रजी अक्षरांत मोकळी जागा सोडली की रुबाब येतो. मराठीत सोडली की शिरोरेखा तुटते आणि अक्षरं आजोबांच्या दातांसारखी एकेकटी उभी राहतात. त्यात ओळीची उंची चेपलेली, आणि ओळीबाहेर जाईल ते कापून टाकणारं ते ॲनिमेशन. 'वे'ची मात्रा वर कापली गेली, 'सु'चा उकार खाली. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघून म्हणाली, "ही सरू कोण?"

प्रवश सरू. घ्या ॲडमिशन.

हसलो, आणि मग डोकंच फिरलं. कारण मला ते दस्तीवाले बाबा आठवले. ज्यांनी ही गोष्ट माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका.

२०२१ ची गोष्ट. मोंढ्यातल्या एका आडतवाल्यांची बाजारभावाची साइट मी केली होती. तेव्हा काचेचं फॅड जोरात होतं. धुरकट काचेचे चौकोन, त्यावर करडे बारीक आकडे. ड्रिबलवर, म्हणजे डिझायनर मंडळी आपापली कामं मिरवतात त्या साइटवर, स्क्रीनशॉट टाकला, जगभरातल्या अनोळखी लोकांनी बदाम दिले, मी आठवडाभर हवेत. दिवाळीच्या तोंडावर उरलेले पैसे मागायला मोंढ्यात गेलो. दुपारचा एक. सोयाबीनच्या कट्ट्यांशेजारी एक बाबा उभे. डोक्यावरची दस्ती पुढं ओढून तिची फोनवर सावली केलेली, मान आत घातलेली. मला म्हणाले, "लेकरा, बग बरं, ह्यो चार हाय का पाच?"

बघितलं तर माझंच पान. आणि मलाही सांगता येईना. बारीक अक्षरात ४ आणि ५ तसेही सख्खे भाऊ. शंभराच्या जागचा आकडा होता तो, म्हणजे क्विंटलमागं शंभर रुपये. मी दोन बोटांनी मोठं करायला गेलो, होईना. लेआउट बिघडतो म्हणून झूम मीच बंद करून ठेवलेलं. वर कहर म्हणजे, आता साइट आहे म्हणून मुनिमानं दारातला खडूचा फळा काढून आत ठेवलेला.

त्या दिवशी मी पैसे न मागता परत आलो. (दुसऱ्या दिवशी मागितले. इतका काही मी संत नाही.)

आता मला सांगा, हे करडं प्रकरण आणलं कुणी? पांढऱ्यावर काळं असलं की दोन रंगांतला फरक २१ ला १ असतो. जगभरचा नियम म्हणतो की साध्या मजकुराला निदान साडेचारला एक हवाच. आमच्या धंद्यात सगळ्यांचा लाडका तो रंगाच्या कोडातला ९९९ नंबरचा करडा पांढऱ्यावर तीनलासुद्धा पोचत नाही. हा नियम मला तेव्हाही माहीत होता. माहीत असून केलं, ते तर जास्तच वाईट.

आणि आम्ही दरवेळी निमूट मागं जातो. २०१३ ला ॲपलनं आयफोनसाठी आयओएस ७ काढलं आणि स्क्रीनवरची चामड्याची शिलाई, लाकडी फळ्या एका रात्रीत गावंढळ ठरल्या. सगळं सपाट करा. केलं. २०२० च्या आसपास साबणाच्या वडीतून वर आल्यासारखी बटणं आली. बटण कुठलं आणि भिंत कुठली, चाचपून बघायचं. तेही केलं. मग काच. आता २०२५ मध्ये ॲपलनंच लिक्विड ग्लास नावाचं काचेसारखं रूप आणलं म्हटल्यावर पुन्हा काच. त्यांनाही आयओएस २६.१ मध्ये ती काच जरा गढूळ करायचा पर्याय द्यावाच लागला की! पण आपल्याकडं व्हॉइस नोट यायच्या त्या आल्याच.

बरं, ट्रेंड म्हणजे सगळाच कचरा नाही, एवढं मान्य. २०१० मध्ये ईथन मार्कोट या वेब डिझायनरनं रिस्पॉन्सिव्हवर, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या पानावर, लेख लिहिला तेव्हा तेही नवंच खूळ होतं, आणि त्याच्याशिवाय आज मोबाईलवर एक पान धड दिसलं नसतं. झालं, दिलं श्रेय. पुढं चला.

मला राग त्या 'इन्स्पिरेशन' शब्दाचा येतो. इन्स्पिरेशन म्हणजे बारा टॅब उघडायचे आणि बाराही ठिकाणी एकमेकांची नक्कल बघायची. अरे, लातुरात राहता ना? गंजगोलाईत जाऊन उभे राहा एकदा. मधोमध देवीचं देऊळ आणि सोळा रस्ते फुटलेले. नवा माणूससुद्धा एक चक्कर मारतो आणि सराफ्याकडं कुठून जायचं, कापडाकडं कुठून, हे कळतं त्याला. सोळाच्या सोळा रस्ते डोळ्यांसमोर. तीन आडव्या रेघांच्या मेनूत कुणी लपवून ठेवले नाहीत. माझा एक मित्र म्हणतो, गर्दी बघ की तिथली, दिशाच कळत नाही. बरोबर आहे, संध्याकाळी सहाला कळत नाही. पण रस्ते तिथंच असतात!

आणि मुनिमाचा तो फळा. काळ्यावर पांढरं. लांबून दिसतं, उन्हात दिसतं, त्याला रेंजची गरज नाही. चुकलं तर बोटानं पुसून तिथल्या तिथं दुरुस्त. मी त्या फळ्याच्या जागी करडी काच बसवली आणि फी घेतली.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. क्लासवाल्यांचंही काही चुकत नाही तसं. समोरच्या क्लासची साइट चमकते, ह्यांची चमकली नाही तर 'लातूर पॅटर्न' म्हणून उदगीर-निलंग्याहून येणारे आईबाप समोर जातील ही भीती खरी आहे. पण ते आईबाप साइट बघणार कुठं? एसटीत, खिडकीशेजारी, ऊन स्क्रीनवर, शेजारी पोराची ट्रंक. तिथं फी किती, हॉस्टेल आहे का आणि फोन नंबर, एवढं दिसलं तरी पुष्कळ. त्या बापानं फीचा आकडा कुणाला तरी विचारावा, "चार हाय का पाच?" मला ते पुन्हा नको. एकदा ऐकलंय, पुरे.

आडतवाल्यांचं पान मी त्याच आठवड्यात फुकट बदलून दिलं. जाड आकडे, काळे. झूम चालू. ड्रिबलवरून ते काचेचं चित्र मात्र काढलं नाही अजून. बदामांचा मोह सुटत नाही.

हे टाइप करेपर्यंत क्लासवाल्यांचा फोन आला. त्यांना 'प्रवश सरू'चा स्क्रीनशॉट पाठवला होता. लई वेळ हसले. मग म्हणाले, "सर, अक्षरं तुमची ठेवा. पण ते खालून वर येणारं तेवढं राहू द्या, पोरांना आवडतं." राहू देतो म्हणालो. मात्रेपुरती वर आणि उकारापुरती खाली जागा सोडायची, पाच मिनिटांचं काम.

ॲडव्हान्स संध्याकाळपर्यंत टाकतो म्हणालेत. बघू.